घोडी उलटली

१

पंचनाम्यात माझ्या वडिलांविषयी एकच वाक्य होतं.

'कारागिराने बसविलेली घोडी आपोआप उलटली, भरलेली रायफल पडून सुटली, व सदर कारागीर स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मयत झाला.'

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी परतवाड्याच्या ठाण्यात मी ते उभ्यानेच वाचलं. जमादार उत्तमरावांनी खुर्ची पुढे केली होती. मी बसले नाही.

"हे कुणी लिहिलं?"

"लेखनिकानं लिहिलं, बाई. पुण्याकडचा हाये. अक्षर चांगलं हाये त्याचं."

अक्षर चांगलंच होतं. माझे वडील वामनराव, आमचे नाना, छत्तीस वर्षं अकोल्यात जठारपेठेत बंदुका दुरुस्त करत होते. आमचं घराणं भिक्षुकीचं. नानांनी पंचविसाव्या वर्षी पळी-पंचपात्र खाली ठेवून कानस हातात घेतली, तेव्हा भाऊबंदांनी आमच्या पंगतीला बसणं सोडलं. त्यांच्या यजमानांच्या बंदुका मात्र मागच्या दाराने येत राहिल्या. एवढ्या वर्षांत नानांनी बसवलेला एक स्क्रू ढिला निघाला नव्हता. आणि आता चांगल्या अक्षरात 'निष्काळजीपणा'.

"उत्तमराव, तुम्ही पोचलात तेव्हा घोडी कशी होती?"

घोडी म्हणजे रायफलीच्या पुढच्या लाकडाखाली बसवायचे दोन पाय. वापरताना उघडायचे, बाकावर टेकवायचे, की नळीचं ओझं हातावर येत नाही. काम झालं की मिटायचे.

"पाय मिटले होते. बंदूक बाकावर नाकावर पडेल होती."

"पाय कुणीकडे मिटले होते? पुढे, की मागे?"

उत्तमरावांनी डोळे मिटून आठवलं. "मागं. चापाकडं. पक्कं सांगतो, कारण मी बंदूक उचलली तं लोखंडी टोक बोटाले लागलं." त्यांनी बोटावरचा व्रण दाखवला.

मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

नानांच्या घोडीचे पाय पुढे मिटत. ती घोडी बनताना मी पाहिली होती. ती मागे मिटली असेल, तर ती नानांनी बसवलेलीच नव्हती.

२

अडतीस सालच्या दिवाळीत मी अमरावतीहून सुट्टीला घरी आले होते. मी तिथे मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. सुट्टीत दुकानाचं लिहिणं माझ्याकडे असे. नाना मोडीत लिहीत आणि नव्या गिऱ्हाइकांना मोडी वाचता येत नसे. ते तोंडी सांगत, मी बाळबोधीत चिठ्ठ्या करी. त्या दिवाळीत दहा-बारा तरी केल्या असतील. "तू शब्द फार काटतेस, सिंधू," ते म्हणत. "कागद काय सोन्याचा आहे?" मी म्हणे, पाल्हाळ बरा नव्हे.

परतवाड्याचे बापूसाहेब वकील तेव्हाच दुकानात आले. सोबत त्यांचा शिकारी नत्थुजी, रायफलीची लांब पेटी खांद्यावर घेऊन. बापूसाहेबांचा डावा हात अर्धांगवायूने गेला होता आणि शिकारीचा नाद गेला नव्हता.

त्यांनी खिशातून एक चकचकीत विलायती चिमटा काढून गल्ल्यावर ठेवला. "ओमप्रकाशनं दिला. नळीले आवळायचा, खाली दोन पाय. पाच मिनिटाचं काम. बसवून द्या."

नानांनी तो हातात घेऊन पाहिला, पुसला आणि परत केला. "वस्तू चांगली आहे. पण नळीला नाही बसवणार."

"काहून?"

"नळी मोकळी पाहिजे, बापूसाहेब. तिला कुठंही आवळून धरलं की ती खोटं बोलायला लागते. गोळी आज इथं, उद्या तिथं."

"मंग बांबूच्या कैच्या बऱ्या," नत्थुजी म्हणाला. "दोन बांबू बांधले, फाट्यात बंदूक ठेवली, झालं. माह्या बापानं तेच केलं."

"तुझ्या बापाला दोन हात होते, नत्थू. एका हाताच्या माणसानं बांबू सांभाळायचे का बंदूक?"

बापूसाहेब मोठ्याने हसले. त्या वेळी मला तो माणूस आवडला होता.

नानांनी आठ दिवस घेतले. पुढच्या लाकडाच्या पोटात पितळी पट्टी, मधे चामड्याचा तुकडा, दोन स्क्रू, सागाचे दोन पाय, त्यांना लोखंडी टोकं, बिजागरीत कमान. बापूसाहेबांना समोर बसवून, त्यांच्या गालाच्या उंचीने पाय तासले. पाय पुढे मिटणारे का, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून बंदुकीच्या दस्त्यावर ठेवला. "खांदा लाव आणि पुढं रेट." मी रेटलं. पाय बाकात रुतले, अडणीवर टेकले आणि बंदूक भिंतीसारखी घट्ट झाली. "एका हाताच्या माणसाला हाच दुसरा हात," ते म्हणाले.

पण घोडीसकट रायफल पेटीत मावेना. नानांनी घोडी काढून वेगळी बांधली, सोबत कशी बसवायची याची चिठ्ठी घातली. नत्थुजी पेटी घेऊन मूर्तिजापूरला गाडी बदलून अचलपूरला गेला. मार्गशीर्षात नाना निशाण जुळवून द्यायला स्वतः परतवाड्याला गेले.

परत आले ते लॉरीत, चादरीखाली.

पंचनाम्यातले 'कारागिराने बसविलेली' हे दोन शब्द तरी खोटे होते. मग बसवली कुणी?

३

पहिला संशय ओमप्रकाशवर घेणं सोपं होतं. परतवाड्यात बंदुका-काडतुसांचं एकच दुकान, आणि त्याचा विलायती चिमटा नानांनी परत केलेला.

"आइये, मास्तरीणबाई," तो म्हणाला. चहा मागवला. मी नको म्हटलं तरी मागवला. "वामनरावांचं ऐकून मले दोन दिवस जेवण गेलं नाही. भगवान कसम."

"तुमचा चिमटा परत आला म्हणून तुम्ही लोकांत बोललात, 'बम्मनाची घोडी एक दिवस पडेल'."

"बोललो," तो म्हणाला. त्याने डोळे चुकवले नाहीत. "धंदा आहे. मी तर माझ्या सख्ख्या भावाच्या दुकानाबद्दलही बोलतो. पण बाई, बंगल्याच्या आत माझं पाऊल नाही. बापूसाहेब मले ओसरीवर उभं ठेवतात, बंदूक हाती देत नाहीत."

"त्या आठवड्यात बंगल्यातून कुणी काही नेलं?"

"एक पेचकस. आदल्या संध्याकाळी गडी आला, म्हणे स्क्रूसाठी पेचकस पाहिजे, लहान तोंडाचा. अजून परत नाही आला. मागावा कसा, घर सुतकात होतं."

"त्या घरी सुतक नव्हतं," मी म्हणाले. "सुतक मला होतं."

त्याने कप खाली ठेवला.

मी बाहेर आले. नत्थुजीच्या कमरेला चामड्याची पिशवी असते. तीत सुरी, दाभण, तेलाची बाटली आणि पेचकस. अकोल्याच्या दुकानात त्याने ती पिशवी नानांसमोर रिकामी करून दाखवली होती, पोर खेळणी दाखवतं तशी. ज्याच्याकडे पेचकस आहे तो उसना मागवत नाही. घोडी बसवणारा बंगल्यातला होता, आणि त्याच्याकडे हत्यारं नव्हती.

गडी तर धाडलेला. तो सोडला, तर बंगल्यात तिघेच पुरुष. नत्थुजी, एका हाताचे बापूसाहेब, आणि त्यांचा पुतण्या रविकांत, अमरावतीला नुकती वकिली सुरू केलेला.

रविकांतचं नाव पंचनाम्यात होतं. 'सदर इसम दोन दिवसांपासून अंजनगाव सुर्जी येथे होता.' सांगणारे बापूसाहेब.

४

बंगल्यामागे बापूसाहेबांचा मळा. मळ्याच्या बांधाला लागून पार्बताबाई माळणीची वांगी. पंचनाम्यात तिचा जबाब दीड ओळीचा होता. 'घोडी उलटली असे मयत ओरडला. नंतर आवाज झाला.'

ती वांगी तोडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने टोपलं खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि माझ्या तोंडावरून फिरवले.

"तुह्या बापाले मीच पाणी पाजलं व माय. मांडीतून रक्त असं वाहे, जसा पाट फुटला. मी लुगडं फाडून बांधलं. पन थांबे नाई."

मी तिच्याशेजारी बांधावर टेकले. मग विचारलं, "तुम्ही काय पाह्यलं?"

"बाक नाई पाह्यला. मधात तूर हाये ना, हे एवढी. तुहा बाप दिसे मले. थो तिकडं बांधावर निशाणाचा कागद लावून परत येऊन राह्यला होता. अर्ध्यात आला अन् उभाच राह्यला. बंगल्याकडं पाहे. मंग हात वर केला अन् ओरडला."

"काय ओरडले?"

"सांगतलं ना पोलिसाले. 'घोडी उलटी हाये'."

"उलटली?"

"उलटली कायले? उलटी हाये! तुमी शिकेल लोकं ऐकता काहून नाई?" ती चिडली. "थ्या लिवनाऱ्यालेही तेच सांगतलं. थो म्हने, 'उलटली म्हणजे पडली ना, बाई?' मी म्हटलं, पडली का उभी हाये मले काय माईत, मी तं उलटी आयकलं. त्यानं मान हालवली अन् लिवून घेतलं."

मी टोपल्याच्या काठावर हात ठेवला.

उलटली म्हणजे पडली. उलटी म्हणजे पुढची बाजू मागे. नाना मरताना आपल्या कामाची चूक सांगत नव्हते. समोरून चालत येणाऱ्या कारागिराला तीस पावलांवरून दिसलं होतं की बिजागरी भलत्या बाजूला आहे.

"आणखी काही म्हणाले?"

"हाव ना. 'थांब' म्हने. 'थांब, थांब रे.' मंग आवाज."

"हे जबाबात नाही."

"थो म्हने, याचा काई उपेग नाई."

पडत्या लाकडाला कुणी 'थांब रे' म्हणत नाही. थांब म्हणायला समोर माणूस लागतो.

५

नत्थुजी मला टाळत होता. शेवटी त्याच्या झोपडीच्या दारात त्याची बायको कौशल्या त्याला आडवी आली. "जा, बोल थिच्याशी. नाईतं मी बोलतो."

तो बाहेर आला, उकिडवा बसला, जमिनीकडे पाहत राहिला.

"मी बांधापल्याड होतो जी. बकऱ्या हाकलाले गेल्तो. वामनरावचा नेम होता, आधी कागद, मंग बंदूक. कागद लावनारा परत आल्याबिगर बंदुकीले कोनी हात लावाचा नाई. म्हनून मी बिनघोर गेल्तो."

"घोडी तू बसवलीस?"

"नाई! सकाळी पाह्यलं तं लागेल होती, बाकावर. पाय उघडे. मी दुरूनच पाह्यलं अन् गेलो." त्याने मान वर केली. "मी बसोली असती तं अशी लागली असती काय? वामनरावनं मले दहादा सांगतलं, पाय नळीच्या तोंडाकडं. अन् नसतं सांगतलं तरी. बंदुकीचं तोंड एकच, जिथून गोळी निंगते थे. आमी जलमापासून तोंडच म्हनतो."

"सोबत चिठ्ठी होती. ती कुठे आहे?"

"मले कुठं वाचता येते? मी तं थे रविकांत—"

तो थांबला. कौशल्याने दारातून पाहिलं. ती झोपडी, ती जमीन, समोरचा कांदा, सगळं बापूसाहेबांचं होतं.

"मले काई मालूम नाई जी," नत्थुजी म्हणाला.

मला राग आला, त्याचा नाही. त्याला घाबरायचं कारण होतं. ज्यांना नव्हतं त्यांनी माझ्या बापाला निष्काळजी म्हटलं होतं.

६

गुरुवारी उत्तमराव रायफल परत करायला बंगल्यावर जाणार होते. मी त्यांच्यासोबत गेले. "तुम्ही साक्षीला हवे," एवढंच सांगितलं. पार्बताबाई वांग्यांचं टोपलं घेऊन आपणहून आली आणि पायरीवर बसली. तिला कुणी उठवलं नाही.

बापूसाहेब ओसरीवर आरामखुर्चीत होते. शेजारी रविकांत, कोट घातलेला, तिशीच्या आतला, देखणा. पुढच्या महिन्यात त्याची सरकारी वकील म्हणून नेमणूक व्हायची होती. हे गाव सांगत होतं.

"ये, पोरी," बापूसाहेब म्हणाले. "झालं ते वाईट झालं. वामनराव माझा दोस्त होता. पण देवापुढं..."

"देवाचं नंतर पाहू," मी म्हणाले. "उत्तमराव, रायफल बाकावर ठेवा. रिकामी आहे ना?"

त्यांनी उघडून दाखवली. घोडी त्या दिवशी होती तशीच लागलेली होती. मी पाय उघडले, बाकावर टेकवले आणि हात काढून घेतले. ती उभी राहिली. मी बाकावर थाप मारली. उभीच. बाक धरून गदागदा हलवला. बंदूक डुलली, पडली नाही. उत्तमरावांनी स्वतः बाकाला लाथ घातली.

"आपोआप उलटली म्हणता," मी म्हणाले. "उलटवून दाखवा."

उत्तमराव बाकापासून मागे सरले.

मग मी गुडघे टेकले, दस्ता खांद्याला लावला, आणि नानांनी शिकवलं होतं तसं पुढे रेटलं. लोखंडी टोकं बाकात रुतली, पाय माझ्याकडे मिटले, आणि नळीचं नाक खाडकन बाकावर आदळलं. पार्बताबाई दचकून "व माय" म्हणाली.

"उलटी बसवलेली घोडी एकटी असली की उभी राहते. मागून खांद्याचा रेटा आला तरच मिटते. नाना मेले तेव्हा या बंदुकीमागे माणूस होता. त्याचं बोट चापावर होतं. समोर माणूस चालत येत होता, तो हात वर करून 'थांब' म्हणत होता, तरी होतं. त्याला कागदावर नेम साधायचा होता, नानांच्या शेजारून. नाक खाली गेलं आणि गोळी मांडीत."

"नत्थू—" बापूसाहेबांनी सुरुवात केली.

"बरोबर," मी म्हणाले. "मलाही तेच वाटतं. घोडी बसवणारा कुणी अडाणी असणार. ज्याला चार अक्षरं वाचता येत नाहीत, असा."

मी सोबत आणलेला पेचकस काढला, दोन स्क्रू सोडवले, घोडी फिरवली, पुन्हा लावली. पाय मिटून दाखवले. ते गोळी निघते तिकडे मिटले. "नानांनी सांगितली होती ती अशी. अडाण्याला ते समजलं नाही."

"चूक आहे हे," रविकांत म्हणाला.

तो उठून उभा राहिला होता. आवाज कोर्टातला होता. "तुम्ही आता पुरावाच फिरवताय. ती तुमच्या वडिलांनी सांगितल्याप्रमाणेच लागली होती. दोष असेल तर त्यांच्या सूचनेत. पाय तोंडाकडे मिटायला हवेत. स्पष्ट शब्द आहेत. तोंडाकडे!" आणि त्याने हात आपल्या हनुवटीपाशी नेला.

नत्थुजी ओसरीच्या खांबाशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "भाऊ, बंदुकीचं तोंड तिकडं असते."

रविकांतचा हात तसाच हनुवटीपाशी राहिला.

"तुम्ही अंजनगावला होता," मी म्हणाले. "बंदुकीला तुम्ही हातही लावला नव्हता. मग हे शब्द तुम्ही कुठे वाचलेत?"

बापूसाहेबांनी डोळे मिटले. "बस खाली, गाढवा," ते म्हणाले.

पण तो बसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला, आणि मला वाटतं त्या क्षणी तो पहिल्यांदा खरा रागावला होता, बावीस दिवस गिळलेल्या गोष्टीवर. "वाचलेत! लिहिलेलं होतं म्हणून वाचलेत! काकांना वाटतं मला पुस्तकांपलीकडे काही येत नाही. म्हटलं, ते उठायच्या आत बसवून ठेवू. एक गोळी कागदावर लावून दाखवू. मी... वामनराव बाजूला होते. मला वाटलं, हात वर करून ते मला 'मार' म्हणताहेत." त्याने कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर फेकला. "हे बघा. तुमच्याच दुकानातून आलं आहे. मी अक्षर न् अक्षर पाळलं!"

मी कागद उचलला.

'पट्टी पोटाशी, चामडे मधे. दोन्ही स्क्रू सारखे आवळावे. पाय तोंडाकडे मिटतील असे बसवावे.'

अक्षर माझं होतं.

७

मला ती संध्याकाळ आठवली. नाना कानशीचा भुगा फुंकत होते आणि सांगत होते, "लिही. पाय नळीच्या तोंडाकडं मिटतील असे बसवावे." मी लिहिलं, आणि मग मला वाटलं, बंदुकीच्या चिठ्ठीत 'नळीच्या' कशाला? दुसरं कोणतं तोंड असणार? मी तो शब्द गाळून चिठ्ठी पुन्हा स्वच्छ लिहिली. ती सुबक दिसत होती.

ज्या घरात तोंड म्हणजे बंदुकीचं, त्या घरात मी वाढले होते. ज्या घरात तोंड म्हणजे आपलं स्वतःचं, त्या घरात ती चिठ्ठी गेली.

बापूसाहेब चांगले वकील होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"वामनराव मोडीत लिहायचा," ते सावकाश म्हणाले. "हे अक्षर त्याचं नाही. पोरी, मी तुझ्या बापाच्या जागी आहे म्हणून सांगतो. हा कागद वर गेला तर पहिला प्रश्न विचारतील, ही अर्धवट सूचना कुणी लिहिली? तू मराठी शिकवतेस म्हणे. शाळेची कमिटी वाचेल. जग म्हणेल, लेकीच्या हातानंच गेला." त्यांनी उजवा हात पुढे केला. "दे इकडं. मी ठाण्यात बोलतो. निष्काळजीपणाचा शब्द काढून टाकायला लावतो. निव्वळ अपघात. कुणाचाच दोष नाही. तुझ्या बापाचं नाव राहील, तुझंही राहील."

मला हवं होतं ते तेवढंच तर होतं. तो एक शब्द जायला हवा होता.

"आणि 'आपोआप उलटली' राहील?" मी विचारलं.

त्यांनी हात आणखी पुढे केला.

"माझी चूक एका शब्दाची," मी म्हणाले. "ती मी जन्मभर वाहीन, त्यात तुमची मदत नको. पण समोर माणूस असताना चापावर बोट ठेवा, असं मी लिहिलं नव्हतं. रक्त वाहत असताना अंजनगावला पळून जा, असं मी लिहिलं नव्हतं. पाणी पाजायला तुमच्या बंगल्यातून कुणी आलं नाही, ही माळीण आली. आणि मेलेल्या माणसाच्या माथी आपलं पाप लिहवून घ्या, हे कुठल्या चिठ्ठीत होतं, बापूसाहेब?"

"रक्तबिक्त बोलू नको," ते पुटपुटले. त्यांचा हात अजून पुढेच होता. मी त्यावरून चिठ्ठी उत्तमरावांच्या हातात दिली.

उत्तमरावांनी ती वाचली, घडी घातली, टोपीत ठेवली. मग पिशवीतून कोरे कागद, दौत आणि टाक काढून बाकावर मांडले, बंदुकीच्या शेजारी.

"बाई, तुमीच लिवा," ते म्हणाले. "आमच्या लेखनिकाचा मले आता भरोसा नाई."

मी लिहिलं. आधी पार्बताबाईचा जबाब, तिच्या तोंडून आला तसाच, 'घोडी उलटी हाये', 'थांब, थांब रे', आणि फाडलेलं लुगडंही. एक शब्द काटला नाही. तिला वाचून दाखवला. "आता बराबर," ती म्हणाली आणि अंगठा उठवला. मग नत्थुजी पुढे आला. कुणी बोलावलं नव्हतं. बापूसाहेबांकडे पाठ करून त्याने सांगितलं, चिठ्ठी आपण कुणाला दिली ते.

शेवटी माझा. 'सोबतची चिठ्ठी माझ्या हातची आहे. वडिलांनी "नळीच्या तोंडाकडे" असे सांगितले होते. "नळीच्या" हा शब्द मी अनावश्यक समजून गाळला. वडिलांच्या कामात किंवा सांगण्यात कोणतीही चूक नव्हती.' खाली सही केली. टाक क्षणभर कागदावरच राहिला आणि सहीच्या शेवटी एक डाग पडला. मी तो टिपला नाही.

रविकांत कोट तसाच घालून खुर्चीच्या कडेला बसला होता, हात गुडघ्यांत. कोरा कागद मी त्याच्यापुढे ठेवला आणि दौत सरकवली.

"मी माझा शब्द लिहिला," मी म्हणाले. "आता तुमचा लिहा. गाळू नका."